वैचारिक गद्याचे अध्यापन : सारांशाकडून वाचनाकडे

१

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात नेमलेले वैचारिक गद्याचे एखादे पुस्तक शिकवून पूर्ण होते, तेव्हा नेमके काय पूर्ण झालेले असते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. लेखकाचा काळ, त्याचे चरित्र, त्याच्यावरील प्रभाव, पुस्तकातील प्रमुख विचार, भाषाशैलीची वैशिष्ट्ये आणि अखेरीस मराठी गद्याच्या विकासातील त्याचे स्थान, असा अध्यापनाचा एक क्रम रूढ झालेला आहे. या क्रमात प्रत्यक्ष पुस्तक उघडण्याची गरज फारशी कोठे निर्माण होत नाही. ‘प्रमुख विचार’ या सदराखाली सात-आठ मुद्दे सांगितले जातात आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत त्याच मुद्द्यांचा विस्तार करावयाचा असतो. आगरकर बुद्धिप्रामाण्यवादी, लोकहितवादी स्पष्टवक्ते, चिपळूणकर भाषाभिमानी, फुले समतावादी, ही विशेषणे चुकीची नाहीत. परंतु ज्या वाक्यांनी ती विशेषणे मिळवली, ती वाक्ये विद्यार्थ्याने वाचलेली असतातच असे नाही.

कवितेच्या बाबतीत अशी स्थिती नाही. कवितेचा वर्ग कितीही सामान्य असला, तरी तेथे कविता फळ्यावर किंवा पुस्तकात समोर असते. एखादी प्रतिमा, एखादा शब्द, एखादी द्विरुक्ती यांवर थोडे तरी थांबावे लागते. निबंधावर मात्र थांबले जात नाही. निबंध म्हणजे विचार आणि विचार म्हणजे सांगून टाकता येण्याजोगी गोष्ट, अशी एक समजूत या पद्धतीच्या मुळाशी आहे. या समजुतीची तपासणी करणे आणि वैचारिक गद्याच्या सूक्ष्मवाचनाची एक वर्गात चालू शकेल अशी रीत मांडणे, हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी विचारवंतांची नावे आज वेगवेगळ्या गटांची निशाणे बनलेली आहेत. पुस्तकातून सुटी काढलेली वाक्ये भाषणांतून, पत्रकांतून आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून फिरत असतात. त्यांच्यावर श्रद्धा ठेवली जाते किंवा संताप व्यक्त केला जातो. साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे वाक्य कोणत्या युक्तिवादाचा भाग आहे, ते लेखकाचे स्वतःचे मत आहे की खोडून काढण्यासाठी घेतलेला पूर्वपक्ष आहे, एवढे जरी तपासता आले नाही, तर त्याच्या शिक्षणाचा उपयोग काय? त्यातच सारांश ही वस्तू आता दुर्मिळ राहिलेली नाही. पूर्वी ती मार्गदर्शक पुस्तिकांत विकत मिळे. आज यंत्राकडून ती क्षणात मिळते. जे बाहेर विनासायास मिळते तेवढेच वर्गात देत राहणे, हे अध्यापकाने स्वतःचे काम स्वतःच अनावश्यक ठरवण्यासारखे आहे.

२

कवितेला सूक्ष्मवाचन मिळाले आणि वैचारिक गद्याला ते मिळाले नाही, याला काही कारणे आहेत. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव न सांगता कविता ठेवल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिसादांवरून वाचनातील दोषांची मीमांसा केली. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा त्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत क्लीअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९३८ साली ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ या पाठ्यपुस्तकाद्वारे ही रीत महाविद्यालयीन वर्गांत नेली. या परंपरेचा भर कवितेच्या स्वायत्ततेवर होता. कविता काय म्हणते यापेक्षा ती कशी असते याला तेथे महत्त्व होते. साहजिकच, जे लेखन काही म्हणण्यासाठीच लिहिले जाते ते या पद्धतीच्या कक्षेबाहेर राहिले.

मराठी समीक्षेतही मर्ढेकरांपासून पुढे जी सौंदर्यवादी चर्चा बहरली, तिने ललित कृतीच्या घटनेचा सूक्ष्म विचार केला. लय, संघटना, अनन्यसाधारणता या संकल्पना त्या चर्चेने दिल्या. वैचारिक गद्य मात्र वाङ्मयेतिहासाच्या आणि विचारेतिहासाच्या स्वाधीन केले. वाङ्मयेतिहासाने त्याला काळ दिला, विचारेतिहासाने त्याला पक्ष दिला. त्याचे वाचन कोणी करावयाचे, हे ठरलेच नाही. शैलीविचाराने ही उणीव काही अंशी भरून काढली. पण तेथेही शैली ही विचारावर चढवलेल्या पोशाखासारखी मानली गेली. आशय एका परिच्छेदात आणि भाषाशैली दुसऱ्या परिच्छेदात, अशी उत्तरपत्रिकेतील विभागणी ही या भूमिकेचीच परिणती होय.

वस्तुतः निबंधातील विचार हा त्याच्या मांडणीपासून वेगळा काढता येत नाही. तो कोणत्या क्रमाने येतो, कोणाला उद्देशून येतो, कशाच्या आधारावर उभा राहतो, कोठे तो गृहीत धरला जातो आणि कोठे सिद्ध केला जातो, या गोष्टी बदलल्या की विचारही बदलतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या आरंभी फुल्यांनी विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या दैन्यापर्यंतची जी साखळी जोडली आहे, ती विद्यार्थ्यांना पाठ असते. ‘फुले शिक्षणाचे महत्त्व सांगतात’ हा तिचा सारांश झाला. पण विद्या, मती, नीती, गती, वित्त हा क्रमच का? विद्येचा वित्ताशी थेट संबंध न जोडता मध्ये नीती का आली? त्यातील एखादा दुवा काढून टाकला तर पुढचे उभे राहील काय? हे प्रश्न विचारताच ते पाठ असलेले वचन कार्यकारणाविषयीचे एक विधान बनते आणि त्याच्याशी सहमत होण्याची किंवा वाद घालण्याची सोय निर्माण होते.

३

गद्याच्या अशा वाचनासाठी केवळ पाश्चात्त्य साधनांकडेच पाहावे लागते असे नाही. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणा सांगितल्या आहेत : उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ग्रंथाचा आरंभ कशाने होतो व शेवट कशाने होतो. कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाते. त्यात नवीन असे काय आहे. ग्रंथाने काय घडावे अशी अपेक्षा आहे. स्तुती, निंदा, दृष्टांत असा आनुषंगिक भाग कोणता. आणि मुख्य प्रतिपादनाला आधार देणारी युक्ती कोणती, असे हे सहा प्रश्न आहेत. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभीच या कसोट्यांचा परामर्श घेतला आहे. आपल्या संप्रदायाचा सिद्धांत आधी ठरवून मग ग्रंथाकडे वळणाऱ्या टीकाकारांविषयीचा त्यांचा आक्षेप वाचनपद्धतीविषयीचा आहे. त्यांनी स्वतः काढलेले तात्पर्य त्याच आक्षेपातून कितपत सुटते, हा प्रश्न एखाद्या वर्गाने अवश्य चर्चेला घ्यावा. म्हणजे नेमलेला ग्रंथच वाचनाची पद्धत शिकवतो आणि त्याच पद्धतीने तो तपासताही येतो.

महानुभावांच्या परंपरेतही असाच एक धागा सापडतो. चक्रधरांची वचने लीळांमधून वेगळी काढून केशिराजबासांनी ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. सूत्रे प्रसंगातून सुटी झाल्यावर त्यांचा अर्थ लावताना अडचण येणे स्वाभाविक होते. म्हणून कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ निर्माण झाले. सुट्या वाक्याला त्याचा प्रसंग परत मिळवून द्यावा लागतो, ही जाणीव मराठी गद्याच्या आरंभकाळाइतकी जुनी आहे.

या साधनांना एक मर्यादाही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. मीमांसेत ग्रंथ प्रमाण मानलेला असतो. त्यात विसंगती नाही असे धरूनच तात्पर्य शोधले जाते. आधुनिक निबंधाच्या वाचकाला ही सवलत घेता येत नाही. लेखकाचा युक्तिवाद कोठे तुटतो, हेही त्याला पाहावे लागते. यासाठी स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या ग्रंथात केलेली मांडणी उपयोगी पडते. विधान, त्याला दिलेला आधार आणि त्या आधारावरून त्या विधानाकडे जाण्याची मुभा देणारे गृहीतक, असे युक्तिवादाचे घटक ते वेगळे करतात. यांपैकी तिसरा घटक बहुधा न बोललेला असतो. वैचारिक गद्याच्या वर्गातील खरे काम या न बोललेल्या गृहीतकाचा शोध घेणे हे आहे.

४

एक उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या फेब्रुवारी व मार्चमधील दोन अंकांत प्रसिद्ध झाला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील सुमारे चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने तो लिहिला. निबंध लहान आहे. दोन तासिकांत तो पूर्ण वाचता येतो. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे, कारण सूक्ष्मवाचनाला उतारा पुरत नाही, पूर्ण कृती लागते.

पहिल्या तासिकेत विद्यार्थ्यांना प्रसिद्धीच्या वर्षापलीकडे काहीही सांगू नये. निबंध मोठ्याने वाचावा. नंतर प्रत्येक परिच्छेदासमोर एकच वाक्य लिहावयास सांगावे. पण ते वाक्य परिच्छेद काय सांगतो याविषयी नसावे, तो काय करतो याविषयी असावे. ‘अस्पृश्यांच्या हालांचे वर्णन आहे’ हे पहिल्या प्रकारचे वाक्य झाले. ‘प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करून त्यातून त्याला अडचणीचा निष्कर्ष काढला आहे’ हे दुसऱ्या प्रकारचे. ही दोन वाक्ये वेगळी आहेत हे एकदा समजले, की निम्मे काम झाले असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी पायरी संबोधनांची. निबंध ईश्वराच्या चिंतनाने सुरू होतो. पुढे तो विद्वान पंडितांना सामोरा जातो आणि आपले पोकळ ज्ञान बाजूस ठेवून ऐका असे त्यांना बजावतो. शेवटी तो मांग-महारांकडेच वळतो व ज्ञानाचे औषध घेण्याचा आग्रह धरतो. उपक्रम दुःखाचा आहे आणि उपसंहार विद्येचा. दुःखाचे गाऱ्हाणे ज्यांच्यापुढे मांडावयाचे त्यांच्याकडून उपायाची अपेक्षा मात्र ठेवलेली नाही. उपाय स्वकीयांना सांगितला आहे. श्रोता बदलण्याच्या या एका हालचालीत निबंधाची संपूर्ण भूमिका आलेली आहे. ‘या निबंधात अस्पृश्यांची दुःखे मांडली आहेत’ या सारांशात ती मुळीच येत नाही.

तिसरी पायरी सांध्यांची. विद्यार्थ्यांनी जर, तर, म्हणून, परंतु, तरी, कारण ही अव्यये अधोरेखित करावीत. वेदांविषयीच्या भागात ‘जर–तर’ची रचना पुनःपुन्हा येते हे त्यांच्या लक्षात येईल. लेखिका वेदांची निंदा करीत नाही. वेद ही केवळ ब्राह्मणांची मत्ता आहे, हा त्यांचाच दावा ती जसाच्या तसा स्वीकारते. तो खरा मानला तर वेदाप्रमाणे वागण्याचे बंधन केवळ त्यांच्यावर येते. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मोकळीक नाही ते धर्मरहित ठरतात. निष्कर्ष प्रतिपक्षाच्याच विधानातून निघालेला असल्यामुळे तो त्याला नाकारता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या लेखनात प्रसंगापत्तीचा हा प्रकार इतका स्वच्छ आढळतो, ही गोष्ट तिच्याविषयी कौतुकाचे चार शब्द बोलून संपवण्यासारखी नाही. कौतुक हाही पुष्कळदा न वाचण्याचाच एक प्रकार असतो.

चौथी पायरी गृहीतकाची. ज्याला धर्मपुस्तक पाहता येत नाही तो धर्मरहित, या अनुमानामागे धर्म म्हणजे धर्मपुस्तक, असे एक न बोललेले विधान आहे. गावोगावच्या दैवतांचे, सणांचे, नवसांचे आचार त्या काळी मांग-महारांत होतेच. ते या व्याख्येत धर्म म्हणून धरलेले नाहीत. मग ही व्याख्या कोठून आली? हा प्रश्न वर्गात निर्माण झाल्यावरच ‘ज्ञानोदय’ हे १८४२ साली अमेरिकन मिशनने सुरू केलेले नियतकालिक होते, हे सांगण्याची वेळ येते. पुस्तकावरून धर्माची ओळख पटवण्याची रीत त्या काळच्या मिशनरी वादविवादांत रुळलेली होती. आता ही माहिती विद्यार्थ्याच्या दृष्टीने कोरडी नोंद राहत नाही. त्याला पडलेल्या प्रश्नाचे ते उत्तर असते. तसेच, आपला धर्म कोणता हे ईश्वरालाच विचारणारा निबंधातील भाग ख्रिस्ती धर्माकडे निर्देश करतो की प्रश्न खुलाच ठेवतो, यावर वर्गात दोन पक्ष पडू शकतात. दोन्ही पक्षांनी निबंधातील शब्द दाखवूनच बोलावे, एवढाच नियम असावा.

पाचवी पायरी पुराव्याची. पेशवाईतील अत्याचारांची माहिती लेखिकेच्या पिढीने ऐकलेली आहे. बाळंतपणाच्या वेळी स्त्रियांना निवाराही न मिळणे ही तिच्या भोवतालची गोष्ट आहे. या दोन प्रकारच्या पुराव्यांचे वजन वेगळे आहे आणि ती दोन्ही वेगळ्या कामांसाठी वापरते. इंग्रजी अंमलाची स्तुती निबंधात आहे, यावरून तो राजनिष्ठ ठरवण्याची घाई विद्यार्थी करतात. पण याच निबंधात सवर्णांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी मांग-महारांची मुले सरकारकडे दाद मागत नाहीत, कारण त्यांच्याच दारी उष्टे अन्न आणावयास जावे लागते, असे निरीक्षण आले आहे. कायदा आहे, पण पोट ज्याच्यावर अवलंबून त्याच्याविरुद्ध कायद्याकडे जाता येत नाही. स्तुतीची मर्यादा निबंधानेच आखून ठेवली आहे. ती दिसण्यासाठी दोन दूरची वाक्ये शेजारी ठेवून वाचावी लागतात. सूक्ष्मवाचन म्हणतात ते याहून फार निराळे काही नाही.

५

युक्तिवादाबरोबर स्वराचाही विचार करावा लागतो. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली आणि पुढे विस्मृतीत गेली. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा उजेडात आणल्यानंतर अभ्यासक्रमांत तिचा समावेश होऊ लागला. विजयालक्ष्मी या सुरतेच्या तरुण विधवेवर १८८१ साली भ्रूणहत्येचा खटला चालला आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवरच झोड उठली, हा त्या लेखनाचा प्रसंग. या कृतीविषयी उत्तरपत्रिकांतून ‘रोखठोक’, ‘परखड’, ‘जळजळीत’ ही विशेषणे ठरल्याप्रमाणे येतात. त्यांनी स्वराला नाव मिळते, पण स्वराचे कार्य कळत नाही.

लांबलचक शीर्षकापासूनच वाचन सुरू करता येते. स्त्रिया व पुरुष यांत अधिक ‘साहसी’ कोण हे स्पष्ट करण्याची प्रतिज्ञा त्यात आहे. आजच्या विद्यार्थ्याला साहस म्हणजे धैर्य, म्हणून ताराबाई स्त्रियांचे शौर्य सिद्ध करीत आहेत असे त्याला वाटते आणि पहिल्याच पानापासून त्याचे वाचन चुकीच्या वाटेला लागते. धर्मशास्त्राच्या परिभाषेत साहस हा बलात्काराने केलेल्या अपराधांचा वर्ग आहे; ताराबाईंच्या शीर्षकातही हा शब्द बेदरकार दुष्कृत्याच्या अंगाने आला आहे. म्हणजे प्रतिज्ञा उलट आहे : ज्या दोषाचा आरोप स्त्रियांवर केला जातो तो मुळात कोणाचा, हे ठरवावयाचे आहे. मोल्सवर्थचा कोश टेबलावर ठेवून शिकवलेला एक शब्द कधी कधी शैलीवरील चार व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवतो.

पुढची मांडणीही शिस्तबद्ध आहे. स्त्रियांवर परंपरेने लादलेल्या दोषांची यादी ताराबाई पुढे घेतात आणि एकेक दोष पुरुषांच्या वर्तनाशी ताडून पाहतात. हीच ती ‘तुलना’. वाक्ये घरगुती भांडणाची वाटतात, पण त्यांच्या खाली एक पद्धत आहे. शास्त्रार्थाची भाषा स्त्रियांना उपलब्ध नव्हती. जी भाषा होती ती माजघरातली. त्या भाषेतून पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचा व्यवहार करून दाखवणे ही त्या लेखनाची अपूर्वता होय. संताप हा येथे युक्तिवादाऐवजी आलेला नाही. युक्तिवाद ज्या आवाजात करता येणे शक्य होते, तो हा आवाज आहे. विद्यार्थ्यांनी एखादे पान घेऊन त्यातील उद्गार वगळून पाहावेत आणि उरलेला युक्तिवाद मांडून पाहावा. नंतर उद्गार परत ठेवून काय वाढले ते सांगावे. आशय आणि शैली वेगळ्या परिच्छेदांत लिहिण्याची सवय या एका स्वाध्यायाने सुटू शकते.

६

सूक्ष्मवाचन करताना समोरचा पाठ कोणता आहे, याचीही चौकशी करावी लागते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १८५७च्या बंडातील अनुभवकथनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे लेखन १८८३च्या सुमाराचे, ते चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली संस्कार करून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती द. वा. पोतदार यांनी १९६६ साली काढली. मधल्या सुमारे सहा दशकांत गोडसे भटजींच्या शैलीविषयी जे बोलले गेले, त्यातील किती भटजींचे आणि किती वैद्यांचे? दोन्ही आवृत्त्यांतील एकच प्रसंग शेजारी ठेवून वाचण्याचा स्वाध्याय पदव्युत्तर वर्गाला सहज झेपण्यासारखा आहे. संपादकाने काय वगळले, काय सावरले आणि कोणत्या भीतीने वा अभिरुचीने तसे केले, हे शोधताना विद्यार्थी पाठचिकित्सेची तत्त्वे व्याख्यानाशिवाय शिकतो.

७

या पद्धतीवर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा, की वैचारिक गद्य हे संदर्भाशिवाय समजतच नाही. कवितेसाठी बनलेली संहितानिष्ठ पद्धत त्याला लावणे म्हणजे त्याच्या ऐतिहासिकतेवर अन्याय करणे होय. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावयास हवा. परंतु येथे संदर्भ वर्ज्य केलेला नाही, त्याचे स्थान बदलले आहे. तो प्रस्तावना म्हणून आधी आला, तर विद्यार्थी संहितेत तेवढेच पाहतो जेवढे त्याला आधी सांगितलेले असते. तो संहितेने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला, तर संहिता आणि काळ या दोहोंचेही आकलन वाढते. रिचर्ड्‌स यांच्या प्रयोगाप्रमाणे लेखकाचे नाव कायमचे झाकून ठेवण्याचे गद्याच्या बाबतीत कारण नाही. एका तासिकेपुरते ते झाकले तरी पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शब्दांची अशी बारीक चिकित्सा हा तटस्थतेचा आव असून, ज्या लेखनातून पिढ्यान्‌पिढ्यांची जखम बोलते त्याला तो प्रयोगशाळेतील वस्तू बनवतो, अशी शंका दलित व स्त्रीवादी समीक्षेच्या बाजूने घेतली जाऊ शकते. या शंकेचा आदर राखूनही असे म्हणावे लागते, की सूक्ष्मवाचनाचे सामर्थ्य ज्यांनी सर्वाधिक ओळखले त्यांत डॉ. आंबेडकरांचे स्थान फार वरचे आहे. ‘हू वेअर द शूद्राज?’ या १९४६च्या ग्रंथाचा आरंभच पुरुषसूक्ताच्या चिकित्सेने होतो. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या १९३७च्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींचे आक्षेप समाविष्ट केले आणि त्यांना मुद्देसूद उत्तर दिले. प्रतिपक्षाचा मजकूर आपल्याच पुस्तकात छापून त्याचा समाचार घेणे, याहून वाचनावरील विश्वासाचे मोठे उदाहरण सापडणे कठीण. ज्याला संहिता वाचण्याचाच अधिकार नाकारला गेला होता, त्याने ती अक्षरशः वाचून दाखवणे ही तटस्थता नव्हे. उलट, मुक्तेला किंवा ताराबाईंना केवळ जखमेच्या साक्षीदार मानणे आणि विचार करणाऱ्या लेखिका न मानणे, यात नकळत जुनीच विषमता पाळली जाते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. वर्ग मोठे असतात, सत्र लहान असते, अभ्यासक्रम संपवावा लागतो, आणि अनेक विद्यार्थ्यांना एकोणिसाव्या शतकातील वाक्यरचना पहिल्या वाचनात झेपत नाही. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. परंतु न झेपणारी वाक्यरचना हे सारांश देण्याचे कारण होऊ शकत नाही. लांब वाक्याचा कर्ता कोठे आहे, क्रियापद कोठे आहे, उपवाक्य कोणत्या शब्दाला जोडले आहे, हे पाहणे हाच वाचनाचा आरंभ होय. ग्रामीण भागातून किंवा बोलीतून आलेला विद्यार्थी येथे मागे पडतो असेही समजू नये. ताराबाईंच्या किंवा फुल्यांच्या वाक्यातील एखादा वऱ्हाडी वा शेतकरी शब्द त्यालाच आधी ओळखू येतो आणि वर्गातील प्रमाणभाषेचा दबदबा तेवढ्यापुरता तरी कमी होतो.

अभ्यासक्रम संपवण्याचा प्रश्न मात्र धैर्याने सोडवावा लागेल. दहा लेखकांचे दहा उतारे नेमून मराठी गद्याचा इतिहास दाखवण्यापेक्षा तीन किंवा चार लहान पूर्ण कृती नेमणे श्रेयस्कर. इतिहासाची रूपरेषा विद्यार्थ्याला ग्रंथालयात मिळते. वाचनाचा सराव ग्रंथालयात एकट्याने होत नाही.

८

अखेरीस परीक्षेचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण आपल्याकडे अध्यापन हे परीक्षेच्या मागून चालते. ‘अमुक लेखकाच्या विचारांचे स्वरूप स्पष्ट करा’ या प्रश्नाला पुस्तक न वाचता उत्तर देता येते. जोपर्यंत असा प्रश्न विचारला जाईल, तोपर्यंत पुस्तक न वाचण्याला विद्यापीठाची मान्यता आहे, असेच विद्यार्थी समजणार. त्याऐवजी प्रश्नपत्रिकेत पूर्वी न पाहिलेला एक गद्य उतारा द्यावा आणि त्यावर चार प्रश्न विचारावेत : यातील मुख्य विधान कोणते, त्याला कोणता आधार दिला आहे, कोणती गोष्ट न सांगता गृहीत धरली आहे, आणि या लेखकाशी मतभेद दर्शवावयाचा झाल्यास तो नेमक्या कोणत्या वाक्यापाशी दर्शवाल. उतारा जुन्या निबंधातलाच असावा असेही नाही. अग्रलेख, चौकशी समितीचा अहवाल, न्यायनिर्णयाचे भाषांतर, यांपैकी काहीही चालेल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण परिच्छेदवार टिपणांना द्यावेत. प्राध्यापकांच्या दृष्टीने अशा उत्तरपत्रिका तपासणे अधिक कष्टाचे होईल हे खरे. ठरलेल्या मुद्द्यांची संख्या मोजून तेथे गुण देता येणार नाहीत.

या सर्वाचा शेवट विद्यार्थी लेखकाशी सहमत होण्यात व्हावा अशी अपेक्षा नाही, असहमत होण्यातही नाही. आगरकरांचे एखादे प्रमेय चुकले आहे असे विद्यार्थ्याने पान दाखवून म्हटले, तर आगरकरांचा त्यात अनादर होत नाही. ‘सुधारक’ चालवणाऱ्या संपादकाला असा वाचक हवाच असणार. आदराने मिटून ठेवलेले पुस्तक आणि रागाने मिटून ठेवलेले पुस्तक यांत वाचनाच्या दृष्टीने काही फरक नाही. विद्यापीठीय मराठी विभागाने दुसरे काही केले नाही तरी चालेल. पण त्याने ही दोन्ही पुस्तके वर्गात उघडली पाहिजेत आणि पहिल्या वाक्यापासून वाचली पाहिजेत.